क्यूचा नंबर एकाचा, लॉक दुसऱ्याचं: आभासी नेटवर्क ड्रायव्हर वारंवार अडकतो तेव्हा

अंबड, सातपूर, सिन्नर या औद्योगिक पट्ट्यात मशीनचा डेटा गोळा करून सर्व्हरकडे पाठवणारे लिनक्सचे गेटवे बॉक्स आता जागोजागी दिसतात. त्यातल्या काहींमध्ये कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅममधला, तयार टनल (एका पॅकेटमध्ये दुसरं गुंडाळून नेणारा मार्ग) न वापरता कंपनीने स्वतः लिहिलेला आभासी नेटवर्क ड्रायव्हर असतो. वरून पॅकेट घ्यायचं, त्यावर आपला हेडर चढवायचा आणि खालच्या खऱ्या नेटवर्क कार्डाकडे सोपवायचं, एवढंच त्याचं काम. नाशिकमध्ये असे ड्रायव्हर दुरुस्त करताना येणारी तक्रार इतकी सारखी असते, की ती एकदा सविस्तर लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

इंटरफेस अप दिसतो. काही कनेक्शन चालू असतात, काही ठार बंद. पिंग जातो पण डेटा थांबलेला असतो, किंवा नेमकं उलट. इंटरफेस डाउन करून पुन्हा अप केला की सगळं सुरळीत. मेंटेनन्सवाले फोनवर एवढंच सांगतात, "साहेब, डबा पुन्हा झोपला." वळवाच्या पावसात लाइट जाते-येते, बॉक्स आपोआप रीस्टार्ट होतो आणि बिघाड काही दिवस दिसेनासा होतो. मग "गेलं वाटतं" म्हणून तक्रार बंद केली जाते. बिघाड तिथेच असतो. रीस्टार्टने फक्त त्याचे आकडे शून्यावर आलेले असतात.

आधी नेमकी कोणती क्यू अडकली ते बघा

"नेटवर्क बंद पडलं" या वर्णनावरून काहीही हाती लागत नाही. बॉक्स अडकलेला असतानाच, डाउन-अप करण्याच्या आधी, दोन-तीन गोष्टी टिपून घ्या. आयपी लिंकची तपशीलवार माहिती मागितली की डिव्हाइसला किती ट्रान्समिट क्यू (पॅकेट पाठवण्याच्या रांगा) आहेत ते कळतं. टीसी कमांडने क्यूडिस्कची (पॅकेट थांबवून क्रमाने सोडणाऱ्या थराची) आकडेवारी काढली आणि मुळाशी एमक्यू (प्रत्येक क्यूला वेगळा क्यूडिस्क देणारा प्रकार) असेल, तर प्रत्येक क्यूच्या नावावर वेगळा बॅकलॉग दिसतो. थोड्या अंतराने दोनदा काढा. तीन क्यूंचे आकडे पुढे सरकताहेत आणि एकीचा बॅकलॉग भरलेला, पाठवलेल्या पॅकेटचा आकडा जागचा हलत नाही, असं दिसलं तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. काही कनेक्शन चालू आणि काही बंद का, याचंही उत्तर तिथेच आहे: एकेक कनेक्शन साधारणपणे एकेका क्यूला बांधलेलं असतं, आणि थांबलेल्या क्यूवरची तेवढी कनेक्शन मरतात.

खऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये क्यू अशी अडकली की कर्नलचा वॉचडॉग (अडकलेली क्यू ओळखणारा पहारेकरी) ओरडतो, त्याची नेहमीची मुदत ५ सेकंदांची. आभासी ड्रायव्हरमध्ये तो बहुधा ओरडत नाही. कारण साधं आहे: ड्रायव्हरने ट्रान्समिट टाइमआउटचं फंक्शन दिलं असेल तरच वॉचडॉग सुरू होतो, आणि आभासी ड्रायव्हर लिहिणारे ते देत नाहीत. म्हणून लॉग कोरा दिसला म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे, असा अर्थ काढू नका.

मुळाशी एमक्यूऐवजी नोक्यू दिसलं, तर गोष्ट वेगळी. नोक्यू म्हणजे ड्रायव्हरच्या वर पॅकेट थांबवून ठेवायला जागाच नाही. अशा डिव्हाइसने क्यू थांबवली किंवा "व्यस्त" असं उत्तर दिलं, की पॅकेट टाकून दिलं जातं आणि लॉगमध्ये "व्हर्च्युअल डिव्हाइस अमुक आस्क्स टू क्यू पॅकेट" अशी ओळ येते. ती ओळ दिसली तर आधी ठरवा: ड्रायव्हर क्यू थांबवणार आहे का? थांबवणार असेल तर नोक्यूचा फ्लॅग काढा. थांबवणार नसेल तर स्टॉप आणि वेकचे सगळे कॉल काढा. दोन्ही अर्धे-अर्धे ठेवून चालत नाही.

क्यूचा नंबर पॅकेटवर लिहिलेला असतो, पण कोणी लिहिलेला?

एसकेबीमध्ये, म्हणजे कर्नल पॅकेटला ज्या स्ट्रक्चरमध्ये गुंडाळतो त्यात, क्यू मॅपिंग नावाचं १६ बिटांचं एक फील्ड आहे. बहुतेक गोंधळाचं मूळ याच फील्डमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पॅकेट कार्डावरून आत आलं की ड्रायव्हर याच फील्डमध्ये रिसीव्ह क्यूचा नंबर नोंदवू शकतो. नोंदवताना तो नंबरात १ मिळवून लिहितो, म्हणजे शून्याचा अर्थ "नोंद नाही" असा राहतो. तेच पॅकेट पुढे दुसऱ्या डिव्हाइसवरून बाहेर जाणार असेल, तर कर्नलचा गाभा ट्रान्समिट क्यू निवडतो आणि तिचा नंबर त्याच फील्डमध्ये लिहितो. या वेळी १ न मिळवता. एकच जागा, दोन अर्थ, दोन मोजण्या. पॅकेट व्हीएलएएनवर (एकाच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) जातं, तिथून बाँडवर (अनेक कार्डं एक करून दाखवणारं डिव्हाइस), तिथून कार्डावर. बाहेर जाताना ज्या डिव्हाइसच्या दारात ते उभं राहतं, त्या डिव्हाइसचा नंबर आधीच्या नंबरावर लिहिला जातो. बाजार समितीच्या फाटकावर ट्रॅक्टरला मिळालेला टोकन नंबर वजनकाट्यावर खोडून नवा लिहावा, आणि परतीच्या वाटेवर कोणीतरी तोच कागद बघून फाटकाची रांग मोकळी करायला निघावं, असा हा प्रकार.

बाँडिंग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हे ओळखून काळजी घेतली आहे. स्वतःची क्यू निवडताना ते पॅकेटवरचा मूळ नंबर बाजूला जपून ठेवतात आणि खालच्या कार्डाकडे देण्याआधी तो परत लावतात. ते कोडचे मोजके तुकडे आवर्जून वाचावेत असे आहेत.

वारंवार सापडणारा बिघाड

आता त्या अडकलेल्या क्यूकडे. असे ड्रायव्हर सहसा प्रत्येक क्यूसाठी "वाटेत असलेली पॅकेट" मोजतात. पॅकेट पाठवताना क्यू मॅपिंग वाचायचं, त्या क्यूचा आकडा एकने वाढवायचा, मर्यादा गाठली तर ती क्यू थांबवायची. पुढे खालच्या कार्डाने पॅकेट मोकळं केलं की डिस्ट्रक्टर (पॅकेट सोडताना बोलावलं जाणारं फंक्शन) चालतो. त्यात पुन्हा क्यू मॅपिंग वाचायचं, आकडा एकने कमी करायचा, क्यू जागी करायची. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं.

पण दोन वाचनांच्या मध्ये पॅकेट खालच्या कार्डाच्या दारातून गेलेलं असतं आणि नंबर बदललेला असतो. आपल्या ३ नंबरच्या क्यूने वाढवलेला आकडा ० नंबरच्या क्यूच्या खात्यात कमी होतो. ३ नंबरची क्यू भरत जाते, एकदा मर्यादेला टेकली की थांबते, आणि तिला जागं करणारं कोणीच उरत नाही. खालच्या कार्डाला ८ क्यू आणि आपल्या डिव्हाइसला ४ असतील तर आणखी वाईट: डिस्ट्रक्टर ५ किंवा ६ नंबरची क्यू जागी करायला जातो, जी अस्तित्वातच नाही. त्या वेळी अ‍ॅरेच्या बाहेरची मेमरी खराब होते आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो.

हा बिघाड टेबलावर का सापडत नाही, हेही यातच आहे. प्रयोगाच्या बोर्डावर आभासी डिव्हाइसला ४ क्यू, कार्डालाही ४, आणि दोन्हींत एक्सपीएसने (कोणत्या कोअरने कोणती क्यू वापरायची ते ठरवणारी सोय) एकेक कोअर एकेका क्यूला जोडलेला, अशी मांडणी असली की दोन्ही नंबर योगायोगाने जुळतात. सिन्नरच्या बॉक्समध्ये दुसऱ्या बनावटीचं कार्ड बसवलेलं असतं, त्याला एकच क्यू असते, आणि योगायोग संपतो. "आमच्याकडे तर चालतंय" हे म्हणणारा खरंच बोलत असतो.

खात्री करायची असेल तर कर्नलमधला नेट-डेव्ह-स्टार्ट-एक्समिट हा ट्रेसपॉइंट (घटना घडली की नोंद छापणारी जागा) चालू करा. त्यात डिव्हाइसचं नाव, पॅकेटचा पत्ता आणि क्यू मॅपिंग तिन्ही छापले जातात. एकाच पत्त्याचं पॅकेट आधी आपल्या डिव्हाइसवर ३ नंबरने आणि लगेच खालच्या कार्डावर ० नंबरने जाताना दिसलं, की वाद मिटला.

दुरुस्ती कुठे करायची

पहिली सुचणारी दुरुस्ती म्हणजे आपला नंबर पॅकेटमध्येच दुसरीकडे लपवायचा. एसकेबीच्या कंट्रोल बफरमध्ये (थरांच्या तात्पुरत्या नोंदींसाठीची जागा) ठेवू नका. तो भाग पॅकेट ज्या थराकडे असेल त्याच्या मालकीचा असतो आणि खालच्या डिव्हाइसचा क्यूडिस्क तो बिनदिक्कत वापरतो. शेअर्ड इन्फोमधल्या (पॅकेटच्या डेटासोबत राहणाऱ्या माहितीतल्या) डिस्ट्रक्टर आर्ग्युमेंटमध्ये ठेवणारेही मी पाहिलेत. ती जागा पॅकेटच्या क्लोनमध्ये (तोच डेटा वापरणाऱ्या प्रतींत) सामाईक असते, आणि टीसीपी तर रीट्रान्समिटसाठी मूळ प्रत राखून क्लोनच पाठवतो. झीरो-कॉपीचं (डेटाची प्रत न काढता पाठवलेलं) पॅकेट आलं तर तिथे आधीच कोणाचा तरी पत्ता असतो. हा मार्ग मला मान्य नाही. आज चाललेलं दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात फोन येईल.

सरळ मार्ग असा की खालच्या कार्डाच्या मोकळं करण्यावर आपला हिशोब टांगूच नये. प्रत्येक ट्रान्समिट क्यूला आपली एक रिंग (ठरावीक जागांची गोल फिरणारी यादी) द्यावी. रिंगच्या स्ट्रक्चरमध्येच तिचा नंबर लिहून ठेवावा, एकदाच, डिव्हाइस तयार होताना. पाठवण्याच्या फंक्शनने पॅकेट रिंगमध्ये टाकावं. नापी (पॅकेट गठ्ठ्याने हाताळणारी कर्नलची सोय) किंवा वर्कर थ्रेडने एकेक रिंग हातात घेऊन पॅकेट काढावीत, खाली द्यावीत, आणि जागं करायची क्यू हातातल्या रिंगवरून ठरवावी. पॅकेटवरून नाही, आणि आपण कोणत्या कोअरवर चालतोय त्यावरूनही नाही. कर्नलमधली पीटीआर रिंग या कामाला चांगली आहे. टाकणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) तिच्यात वेगवेगळं असतं, त्यामुळे दोघे एकमेकांना अडवत नाहीत.

यानंतरही एक फट राहते आणि ती अगदी अरुंद असते. टाकणारा बघतो की रिंग भरली. तो क्यू थांबवणार तेवढ्यात काढणारा सगळी रिंग रिकामी करतो, क्यू थांबली आहे का बघतो, थांबलेली नाही म्हणून निघून जातो. मग टाकणारा क्यू थांबवतो. रिंग रिकामी, क्यू थांबलेली, आणि दोघेही आपलं काम झालं समजून शांत. म्हणून थांबवल्यानंतर मेमरी बॅरिअर (मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम पाळायला लावणारी सूचना) टाकून रिंगमध्ये जागा आहे का ते पुन्हा बघायचं, आणि असेल तर स्वतःच क्यू जागी करायची. काढणाऱ्याच्या बाजूलाही पॅकेट काढणं आणि क्यूची अवस्था बघणं यांच्यामध्ये तसाच बॅरिअर हवा. एआरएमच्या बोर्डांवर ही फट इंटेलच्या यंत्रांपेक्षा लवकर उघडी पडते, कारण तिथे मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याच्या क्रमाची हमी कमी आहे. आपल्याकडचे बरेचसे गेटवे बॉक्स एआरएमवरच आहेत.

रिंग पूर्ण भरेपर्यंत वाट बघू नका. पॅकेट टाकल्यावर पुढच्यासाठी जागा उरली नाही असं दिसताच क्यू थांबवा, म्हणजे "व्यस्त" असं उत्तर द्यायची वेळच येत नाही. ते उत्तर द्यावंच लागलं, तर पॅकेटला हात लावलेला नसावा: हेडर चढवून मग व्यस्त म्हणालात, तर गाभा तेच पॅकेट पुन्हा आणतो आणि त्यावर दुसरा हेडर चढतो.

लॉक: कोण घेतंय ते आधी पाहा

२००८ मधल्या २.६.२७ कर्नलपासून ट्रान्समिटचं लॉक डिव्हाइसला एक न राहता प्रत्येक क्यूला एक झालं. गाभा क्यू निवडतो, त्या क्यूचं लॉक घेतो आणि मग तुमचं फंक्शन बोलावतो. म्हणजे क्यूचा नंबरच लॉक ठरवतो. मला या लेखात सांगायचं ते हेच: मॅपिंग आणि लॉक हे दोन विषय समजून दोन वेगळ्या माणसांना देऊ नका. ड्रायव्हरला ४ क्यू आहेत पण रिंगा दोनच केल्या, आणि क्यूच्या नंबराला २ ने भागून उरलेल्या बाकीवरून रिंग निवडली, तर ० आणि २ नंबरच्या क्यू एकाच रिंगेत लिहितात. दोघींनी लॉक घेतलेलं असतं. वेगवेगळं. त्या लॉकने काहीच राखलं जात नाही, आणि कोड वाचणाऱ्याला मात्र लॉक घेतलेलं दिसतं. जितक्या क्यू तितक्या रिंगा ठेवा. ते शक्य नसेल तर रिंगेला स्वतःचं लॉक द्या.

दुसरा प्रकार म्हणजे एलएलटीएक्स. हे लावलं की गाभा लॉक घेतच नाही, सगळी जबाबदारी ड्रायव्हरची. व्हीईटीएच (एकमेकांना जोडलेल्या आभासी डिव्हाइसची जोडी), टन (पॅकेट युजर स्पेसमधल्या प्रोग्रॅमकडे देणारं डिव्हाइस) यांसारख्या आभासी ड्रायव्हरमध्ये ते असतं आणि तिथे त्याला कारण आहे. त्यांचा कोड नमुना म्हणून उचलताना ती ओळही सोबत येते, आणि इथेच गफलत होते. पूर्वी हा फीचर फ्लॅग होता. २०२४ मधल्या ६.१२ कर्नलपासून तो डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमधला स्वतंत्र बिट झाला, त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर चढवताना ही ओळ आपोआप समोर येते. तेव्हाच ठरवा, आपल्याला ते खरंच हवंय का.

एलएलटीएक्स असेल तर तीन गोष्टी बदलतात. साधे आकडेवारीचे काउंटर दोन कोअरवरून एकाच वेळी वाढवले जातात आणि मोजणी गळते. प्रत्येक कोअरचे वेगळे काउंटर वापरा. ट्रान्समिट बंद करणारा नेटिफ-टीएक्स-डिसेबल हा कॉल प्रत्येक क्यूचं लॉक घेऊन आत चालू असलेलं काम संपायची वाट बघतो, पण तुमचं फंक्शन ते लॉक घेतच नसल्यामुळे वाट बघितली जात नाही. रिंगचा आकार बदलताना जुनी रिंग मोकळी करण्याआधी सिंक्रोनाइझ-नेट (आत चालू असलेलं काम संपेपर्यंत थांबणारा कॉल) हवंच. आणि शेवटच्या ट्रान्समिटची वेळ गाभा नोंदवत नाही, म्हणून वॉचडॉग वापरणार असाल तर ती तुम्ही नोंदवा.

माझं मत विचाराल तर खऱ्या कार्डाच्या वर बसणाऱ्या, स्वतःची रिंग असलेल्या ड्रायव्हरने गाभ्याचं लॉक वापरावं आणि एलएलटीएक्सच्या वाटेला जाऊ नये. आणि पॅकेट शेवटी युजर स्पेसमधल्या प्रोग्रॅमकडेच जाणार असतील, तर ड्रायव्हर लिहूच नये. ३.८ कर्नलपासून टनमध्ये अनेक क्यूंची सोय आहे, एका डिव्हाइसला २५६ पर्यंत.

लॉकचा संदर्भही तपासा. ट्रान्समिट फंक्शन बॉटम हाफ (इंटरप्टनंतर उरलेली कामं, म्हणजे सॉफ्टआयआरक्यू वगैरे) बंद ठेवून चालतं. तेच लॉक तुम्ही रीड किंवा आयऑक्टलमध्ये (प्रोग्रॅमकडून ड्रायव्हरला येणाऱ्या कॉलमध्ये) साध्या स्पिन लॉकने घेतलंत, तर त्याच कोअरवर सॉफ्टआयआरक्यू येऊन त्याच लॉकची वाट बघत बसतो आणि लॉकचा धनी त्याच्या खाली दबलेला असतो. साधारण २० सेकंदांनी लॉगमध्ये सॉफ्ट लॉकअप (कोअर अडकून पडल्याची सूचना) दिसतो. तिथे बीएच प्रकारचं लॉक हवं. हा बिघाड लॉकडेप (लॉक घेण्याच्या चुका शोधणारी कर्नलची सोय) चालू असलेल्या कर्नलवर प्रत्यक्ष अडकण्याआधीच पकडला जातो. प्रयोगाच्या बोर्डावर तसा कर्नल नसेल तर आजच बनवा. एकावर एक आभासी डिव्हाइस असताना लॉकडेप "एकच लॉक दोनदा घेतलं" अशी तक्रार करतो, तेव्हा ती दडपू नका. डिव्हाइस नोंदवण्याआधी ड्रायव्हरला स्वतःचा लॉक क्लास द्या, मग खरी तक्रार आणि भास वेगळे दिसतात.

"डेड लूप" ही ओळ दिसली तर

"डेड लूप ऑन व्हर्च्युअल डिव्हाइस अमुक, फिक्स इट अर्जंटली." ही ओळ पाहून लोक थेट लॉक शोधायला धावतात. बहुतेक वेळा दोष राउटिंगमध्ये असतो. डिफॉल्ट राउट टनलमधून लावला, आणि टनलच्या दुसऱ्या टोकाचा पत्ताही त्याच राउटने जायला लागला, की पॅकेट स्वतःच्याच डिव्हाइसमध्ये फिरत राहतं. नव्या कर्नलमध्ये अशी ८ वळणं झाली की गाभा साखळी तोडतो. दुसऱ्या टोकाच्या पत्त्यासाठी खऱ्या कार्डावरून वेगळा राउट लावा. कर्नलच्या स्वतःच्या आयपी टनलमध्ये ही चूक झाली तर कोलिजनचा आकडा वाढताना दिसतो, कारण टनलचा कोड हे ओळखून तिथे नोंद करतो. तुमच्या ड्रायव्हरमध्येही तशी तपासणी घाला: राउटचं डिव्हाइस आपणच असू तर पॅकेट टाकून द्या आणि मोजा.

सगळा भार एकाच कोअरवर का?

क्यू चार, पण काम एकीवरच, ही तक्रार वेगळी असली तरी मूळ तेच फील्ड. फॉरवर्ड होणाऱ्या पॅकेटवर रिसीव्ह क्यूची नोंद असेल आणि एक्सपीएस लावलेलं नसेल, तर गाभा हॅश (पॅकेटच्या पत्त्यांवरून काढलेला आकडा) न काढता ती नोंदच ट्रान्समिट क्यू म्हणून वापरतो. आतलं कार्ड एका क्यूचं असून ड्रायव्हर ती नोंदवत असेल, तर सगळी पॅकेट ० नंबरवर जातात. एक्सपीएस लावा, किंवा नोंद पुसा. त्यासाठी स्वतःचं क्यू निवडणारं फंक्शन लिहून चालू कोअरचा नंबर परत देऊ नका. थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की एकाच कनेक्शनची पॅकेट मागेपुढे होतात. गाभ्याची निवड स्थानिक टीसीपी सॉकेटसाठी क्यू लक्षात ठेवते आणि क्रम बिघडणार नसेल तेव्हाच बदलते. ते शहाणपण फुकट मिळतंय, ते वापरा.

टेबलावर बिघाड आणायचा कसा

यासाठी कारखान्यात जायची गरज नाही. क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात व्हर्टिओ (आभासी यंत्रासाठीचं) कार्ड घ्या, त्याची क्यूसंख्या ईथटूलने (कार्डाची मांडणी बघण्या-बदलण्याची कमांड) मुद्दाम आपल्या डिव्हाइसपेक्षा वेगळी ठेवा: एकदा १, एकदा २, एकदा ८. आपल्या रिंगचा आकार फक्त ८ जागांचा करा, म्हणजे थांबणं-जागं होणं सतत घडत राहील. पॅकेटजेनमध्ये (कर्नलमधला चाचणीची पॅकेट तयार करणारा भाग) क्यू मॅपिंगची किमान आणि कमाल मर्यादा देता येते आणि नंबर यादृच्छिक निवडायची सोयही आहे. मात्र तो क्यूडिस्कला वळसा घालून थेट ड्रायव्हरमध्ये पॅकेट टाकतो, म्हणून त्यासोबत आयपर्फचे (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) अनेक प्रवाहही चालवा. भार चालू असतानाच क्यूसंख्या बदला. कमी केलेल्या क्यूंचे क्यूडिस्क गाभा रिकामे करतो, पण तुमच्या रिंगेत उरलेली पॅकेट तुम्हालाच काढावी लागतात, आणि तो कोड बहुतेकांनी लिहिलेला नसतो.

बॉक्स बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक क्यूचा थांबण्याचा आणि जागं होण्याचा वेगळा काउंटर ईथटूलच्या आकडेवारीत दिसेल असं करून ठेवा. दोन्हींत एकाचा फरक पडून तो तसाच राहिला, तर त्या क्यूचा नंबर मेंटेनन्सवालाच फोनवर वाचून दाखवू शकतो.